गाणं अडतं कुठे? घरातल्या संगीतासाठी वायर की वाय-फाय

आमच्या घरी सकाळी सात वाजता बाबांचं गाणं लागतं. विलंबित एकतालातला ख्याल असला तर एकेक आवर्तन पाऊण मिनिटाचं असतं. गायक बारा मात्रांचा पसारा फिरून येतो, मुखडा उचलतो, ऐकणाऱ्याचं मन समेकडे झेपावतं आणि नेमका तिथेच आवाज बंद होतो. फोनच्या पडद्यावर चक्र फिरत राहतं. दहा सेकंदांनी सम येते, पण तोवर तिची ओढ विरून गेलेली असते. गाणं मन लावून ऐकणाऱ्याला हे दहा सेकंद किती लागतात, ते तसं ऐकणाऱ्यालाच कळेल.

नेटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “प्लॅन वाढवून घ्या, काका.” बाबांनी १०० एमबीपीएसचे २०० करून घेतले. गाणं पूर्वीसारखंच अडत राहिलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं आणि घरात करून पाहिलं, ते इथे सांगतो.

आधी गाण्याला लागतं किती, याचा हिशेब करू. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी आणि उजवी अशा दोन बाजू. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे साधारण १.४ एमबीपीएस. फ्लॅकसारख्या पद्धतीत काहीही न गमावता हाच मजकूर घडी घालून पाठवतात, तेव्हा तो बऱ्याचदा १ एमबीपीएसच्याही खाली येतो. चांगल्यातली चांगली एमपी-थ्री ३२० केबीपीएसची, म्हणजे १ एमबीपीएसच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असं लिहिलेलं सगळ्यात जड संगीत घडी न घालता पाठवलं तरी ९.२ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सीडीच्या दर्जाची ७० गाणी एकाच वेळी वाजू शकतात. आम्हाला एकच हवं होतं, आणि तेही धड वाजत नव्हतं. तेव्हा तुमचंही गाणं अडत असेल, तर प्लॅनवर आणखी पैसे घालण्याआधी हा गुणाकार आठवा.

गच्चीवरची टाकी

महापालिकेचं पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, तरी नळ सोडला की पाणी मिळतं, कारण गच्चीवर टाकी आहे. संगीत वाजवणाऱ्या यंत्रातही अशीच एक टाकी असते. तिला बफर म्हणतात. गाणं सलग धारेसारखं येत नाही, ते छोट्या छोट्या पाकिटांत येतं. सीडीच्या दर्जाचं संगीत घडी न घालता पाठवलं तर सेकंदाला साधारण १२० पाकिटं लागतात. प्रत्येक पाकिटावर क्रमांक असतो आणि आतला मजकूर जसाच्या तसा पोचला का, हे तपासायची खूणही असते. एखादं पाकीट वाटेत हरवलं किंवा बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं. ही पाकिटं टाकीत जमत राहतात आणि टाकीच्या तळाशी असलेल्या नळातून यंत्र आपल्या घड्याळाच्या ठेक्यावर एकेक नमुना काढून आवाजाकडे पाठवत राहतं.

एवढं लक्षात आलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. वर पाणी कसं येतं, गचके खात येतं की संथ येतं, याच्याशी खालच्या नळाला देणंघेणं नसतं. टाकी रिकामी झाली तरच नळ कोरडा पडतो. काही यंत्रांची टाकी दोन-चार सेकंदांची असते, काही यंत्रं अख्खं गाणं आधीच उतरवून घेतात. गाणं अडतं ते पुरवठा त्या टाकीपेक्षा जास्त वेळ तुटल्यावर. म्हणजे प्रश्न वेगाचा नाही, सातत्याचा आहे. वायर आणि वाय-फाय यांच्यातला खरा फरकही सातत्याचाच आहे.

एकच माइक असलेली सभा

वायरीत प्रत्येकाचा रस्ता स्वतंत्र असतो. राउटरपासून स्पीकरपर्यंत गेलेल्या इथरनेटच्या वायरीवर दुसरं कोणी चढत नाही. शिवाय तिच्यावर दोन्हीकडून एकाच वेळी बोलता येतं. कॅट फाइव्ह-ई दर्जाची वायर १०० मीटरपर्यंत १,००० एमबीपीएस सहज वाहून नेते. आपल्या फ्लॅटमध्ये १५ मीटरच्या वर क्वचितच लागते. त्या वायरीला भिंत आडवी येत नाही, शेजारी आडवा येत नाही, दिवाळीत घरभर पाहुणे आले तरी तिला फरक पडत नाही.

वाय-फायचं तसं नाही. तिथे हवा एकच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. प्रत्येक उपकरण बोलण्याआधी कानोसा घेतं, कोणी बोलत असेल तर गप्प बसतं, मग काही क्षण थांबून पुन्हा पाहतं. एकच माइक असलेली सभा म्हणा ना. माणसं थोडी असली तर काम सुरळीत चालतं. पण टीव्ही, तीन फोन, लॅपटॉप, दारावरचा कॅमेरा अशी गर्दी झाली की गाण्याचं इवलंसं पाकीटही रांगेत उभं राहतं. त्यात एखादा जुना फोन लांबच्या खोलीत असला की तो हळू बोलतो, तेवढ्याच मजकुराला माइक दसपट वेळ धरून बसतो, आणि बाकी सगळे खोळंबतात. हे मला समजलं तेव्हा आमच्या घरातलं अर्धं कोडं सुटलं. आतल्या खोलीत चालणारी शाळेची ऑनलाइन शिकवणी आणि हॉलमधलं गाणं यांचा संबंध असा होता.

शिवाय ही सभा फक्त तुमच्या घराची नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राउटर या तिघांत वाटले जातात. आमच्या हॉलमध्ये उभं राहून फोनवर पाहिलं तर वीसच्या वर नावं दिसतात. वरच्या मजल्यावरचा राउटर तुमच्याच चॅनलवर असेल तर तोही तुमच्याच माइकवर रांग लावतो. त्यात कोणी शहाणपणा करून चॅनल ३ किंवा ४ लावला, तर तो १ आणि ६ या दोघांवरही अर्धवट चढतो. मग त्याचं बोलणं बाकीच्यांना समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. रांगेतल्या माणसापेक्षा हा गोंगाट वाईट.

या पट्ट्यातला आणखी एक रहिवासी म्हणजे मायक्रोवेव्ह. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. त्याची ताकद हजार वॅटच्या घरात, राउटरची साधारण ०.१ वॅट. ओव्हनच्या दारातून जी किंचित, माणसाला निरुपद्रवी अशी गळती होते, ती राउटरच्या कुजबुजीला पुरून उरते. बाबांचं गाणं सकाळी सात-सव्वासातला अडायचं आणि दुपारी नाही, याचं कारण आम्ही कुठे कुठे शोधलं. कारण सात वाजता गरम होणारं दूध होतं. ब्लूटूथही याच पट्ट्यात राहतं, पण ते सारखी जागा बदलत असल्यामुळे त्याचा त्रास त्या मानाने कमी.

मग उपाय काय? पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. तिथे जागा मोकळी आहे, मायक्रोवेव्ह नाही, आणि या लहरी भिंतीत लवकर विरतात म्हणून शेजाऱ्यांची गर्दीही तुमच्यापर्यंत कमी पोचते. अर्थात तीच भिंत तुमच्याही लहरी अडवते. आरसीसीचा खांब, नऊ इंची विटांची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, मधलं न्हाणीघर, यातलं एकेक मध्ये आलं की जोर घटत जातो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या घरांत भिंती जाड, आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात. तिथे ओटीवरच्या राउटरकडून माजघरापलीकडे काही पोचेल अशी अपेक्षा ठेवू नये.

स्पीकर जिथे ठेवायचा तिथे फोन नेऊन जोर मोजता येतो, त्यासाठी फुकट ॲप मिळतात. आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत बिनघोर, उणे ७५ च्या खाली गेला की कटकट सुरू. हा आकडा १० ने घसरला म्हणजे पोचणारी ताकद एक दशांश झाली, हे ध्यानात ठेवा. आणि राउटर टीव्हीच्या मागे, फर्निचरच्या बंद कप्प्यात असेल तर आधी तो बाहेर काढा. फायबरची तार दाराशी घरात शिरते, बसवणारा माणूस तिथेच चपलांच्या कपाटावर डबा ठोकून जातो आणि आपण ती जागा देवघरासारखी कायमची मानतो. एवढं मानायचं कारण नाही.

वायरीने आवाज गोड होतो का?

ज्यांच्या घरी चांगली साउंड सिस्टिम असते, त्यांच्यात हा वाद फार रंगतो. हजारो रुपयांच्या, कधी लाखाच्या घरातल्या इथरनेट केबल विकल्या जातात. त्या लावल्या की तबल्याची चाट सुटी ऐकू येते, तंबोऱ्याला हवा मिळते, असं सांगणारी माणसं भेटतात. माझं मत स्पष्ट आहे: हा पैसा वाया आहे. टाकीत पडणारे आकडे महाग वायरीतून येवोत, स्वस्त वायरीतून येवोत की हवेतून, शेवटचं बिटसुद्धा तेच असतं. नसतं तर पाकीट परत मागवलं गेलं असतं. वेळेचा ठेका वायर धरत नाही, तो यंत्राच्या पोटातलं घड्याळ धरतं.

विश्वास ठेवू नका, करून पाहा. वायरीवर गाणं चालू असताना राउटरच्या बाजूचं टोक उपटा. गाणं थांबणार नाही, टाकी आहे तोवर चालत राहील. आता नीट ऐका. वायर आवाज घडवत असेल तर ती काढल्या क्षणी आवाज बदलायला हवा. आमच्याकडे बाबा डोळे मिटून बसले होते, त्यांना मी वायर कधी काढली ते कळलं नाही. ज्याचे कान चार दशकं स्वरांत मुरलेत, त्याचा निकाल मला पुरेसा वाटला.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती सांगायलाच हवी. वायर तांब्याची असते, त्यामुळे आकड्यांशिवाय विजेचा खरखराटही तिच्यावरून येऊ शकतो. इथरनेटच्या प्रत्येक खोबणीत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते हा प्रवाह बराचसा तोडतात. पण बाहेरून धातूची जाळी आणि टोकाला धातूचा खोका असलेली शिल्डेड वायर घेतली, तर तीच जाळी दोन यंत्रांच्या अर्थिंगला जोडून देते आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झचा गुंगुं आवाज येऊ लागतो. घरासाठी म्हणून साधी, जाळी नसलेली वायरच बरी. वाय-फायला ही अडचणच नाही, हवेतून अर्थिंग जोडलं जात नाही. म्हणजे या एका बाबतीत बिनतारी वरचढ आहे.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. लोक वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच माळेत ओवतात, पण दोन्हींत मोठा फरक आहे. ब्लूटूथवर फोन गाणं उलगडून पुन्हा नव्याने दाबतो आणि मग पाठवतो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत जास्तीत जास्त साधारण ३२८ केबीपीएस, एलडॅकसारख्या वरच्या पद्धतीत ९९० पर्यंत. म्हणजे इथे आवाजातून खरोखर काहीतरी जातं. वाय-फायवर स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्ट वापरलं तर फोन फक्त रिमोट असतो. गाणं स्पीकर स्वतःच नेटवरून ओढून घेतो. फोन घेऊन तुम्ही भाजी आणायला गेलात तरी घरात मैफल चालू राहते, आणि मध्येच आलेला फोन ती मोडत नाही.

टाकी लहान असते तिथे

आतापर्यंतचं सगळं टाकीच्या भरवशावर होतं. काही ठिकाणी ती मोठी ठेवताच येत नाही. टीव्हीवर नाटक पाहताना ओठ आणि शब्द जुळायला हवेत, त्यामुळे तिथे आवाज दोन सेकंद साठवून चालत नाही. डावा आणि उजवा असे दोन वेगळे वाय-फाय स्पीकर असतील तर त्यांची घड्याळं सतत एकमेकांशी जुळवावी लागतात. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक स्पीकर तेवढा मागे राहिला तर जणू तुम्ही दुसऱ्याच्या हातभर जवळ सरकून बसलात. समोर मधोमध बसलेला गायक एका बाजूला कलतो. चांगल्या कंपन्यांचे स्पीकर हे जुळवतात, पण हवा गर्दीची झाली की त्यांचीही तारांबळ उडते. मोठ्या सभागृहांत आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओंत नेटवर्कवरून आवाज नेण्याची दान्ते ही पद्धत चालते. तिथे उशीर मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत ठेवायचा असतो, आणि म्हणून ती वायरीवरच चालवतात. रंगमंचावर माणूस गात असताना पाकीट पुन्हा मागवायला वेळच नसतो.

घरातला दुसरा नाजूक प्रसंग म्हणजे स्वतःचा साठा. जुन्या कॅसेटींवरून, सीडींवरून उतरवलेल्या मैफलींची हार्ड डिस्क कितीतरी रसिकांकडे असते. ती डिस्क ज्या संगणकाला जोडली आहे तो वाय-फायवर आणि स्पीकरही वाय-फायवर असेल, तर गाणं हवेतून दोनदा जातं: संगणकाकडून राउटरकडे, मग राउटरकडून स्पीकरकडे. माइक दोनदा अडतो. यातली एक बाजू जरी वायरीवर घेतली तरी हवेतलं ओझं निम्म्यावर येतं.

वाय-फाय घरभर पसरवायला मेश नावाने जे दोन-तीन डब्यांचे संच मिळतात त्यांचंही हेच. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात तसं ते काम असतं. मधला माणूस घमेलं घेतो तेव्हा देऊ शकत नाही, देतो तेव्हा घेऊ शकत नाही. डबे एकमेकांशी बोलायला तीच लहर वापरत असतील तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण अर्धा होतो. काही संचांत या कामाला वेगळी लहर राखलेली असते, त्यांचं बरं चालतं. पण दोन डब्यांमध्ये एक वायर टाकली की हा प्रश्नच संपतो. लांब, जाड भिंतींच्या घराला मी हाच उपाय सांगेन: वायर माजघरापर्यंत, तिथून पुढे हवा.

आणि यातून एक गोष्ट निघते जी मला सगळ्यात कामाची वाटली. स्पीकरपर्यंत वायर नेणं शक्य नसेल तर टीव्हीला वायर लावा. टीव्ही राउटरच्या शेजारीच असतो, जागचा हलत नाही आणि फोर-के चित्रासाठी १५-२५ एमबीपीएस खातो. तो हवेतून उतरला की स्पीकरला माइक मोकळा मिळतो. जे हलत नाही ते तारेवर, जे हातात फिरतं ते हवेवर. आमच्या घरात मी याच क्रमाने गेलो आणि पहिल्या दिवशी फक्त टीव्हीची दीड मीटर वायर लावल्यावर संध्याकाळचं गाणं अडायचं थांबलं. सकाळचं दूध उरलं होतं.

भिंत न फोडता

वायर म्हटलं की लोक भिंत फोडायच्या कल्पनेने मागे सरतात. जुन्या फ्लॅटमध्ये मात्र एक दडलेली सोय असते, टेलिफोनचा पॉइंट. दारापासून हॉल आणि बेडरूमपर्यंत भिंतीतून पाइप गेलेला असतो, आणि लँडलाइन गेल्यापासून आतली तार निकामी पडून आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनने तिच्याच टोकाला नवी वायर चिकटपट्टीने बांधली, एका बाजूने तो ओढत गेला, दुसऱ्या बाजूने मी सोडत गेलो. एका वळणावर अडलं तेव्हा त्याने थोडा साबण लावला. पाऊण तासात काम झालं. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या कडेने पीव्हीसीची पट्टी मारता येते. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ही वायर नेऊ नका. तो धोक्याचा प्रकार आहे. शेजारून न्यायची झाली तरी वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडा.

वायर घेताना एकच गोष्ट निक्षून विचारा: पूर्ण तांब्याची आहे ना? बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर खूप खपते. ती ठिसूळ असते, वाकवताना तुटते आणि पाइपात तुटली की शोधणं मुश्कील. चाकूने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो. खऱ्या तांब्याची कॅट सिक्स मीटरला दोन-तीन कटिंग चहांच्या भावात मिळते, पंधरा मीटरला फारसं काही लागत नाही.

टोकं बसवून झाली की राउटरच्या पानावर जोडणीचा वेग पाहून घ्या. १,००० च्या जागी १०० दिसत असेल तर आठांपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, बहुधा निळी किंवा तपकिरी. कारण १०० साठी केशरी आणि हिरव्या जोड्यांच्या चारच तारा लागतात, १,००० साठी आठही. टोकं बसवणारा माणूस हाताशी असेल तर टोक पुन्हा दाबून घ्या. नसेल तर गाण्यापुरतं तसंच राहू द्या, नेटवरून गाणं ओढून वाजवणाऱ्या बऱ्याच यंत्रांची (स्ट्रीमरची) खोबण मुळातच १०० ची असते. आमच्या हॉलमधल्या वायरीवर आजही १०० च दिसतं. दूध रोज सात वाजता गरम होतं.